पाणी कोठे मुरते?

“कुठे तरी पाणी मुरते आहे,” असे आपण संशयाने म्हणतो. परंतु आपल्या पुण्यात पाणी मुरेनासे झाले, हीच आज खरी चिंतेची गोष्ट आहे. मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त तिच्याविषयीच चार शब्द लिहिते.

पेशवाईत पुण्याची वस्ती वाढू लागली, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी बांधीव नळाने शहरात आणले. डोंगरावरचा पाऊस कात्रजला जमतो आणि ती जागा शहराहून उंच आहे, हे त्या लोकांनी आधी हेरले. कोणतेही यंत्र नसता केवळ उताराने पाणी शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतील हौदांपर्यंत पोहोचले. नळातील हवा बाहेर पडावी म्हणून वाटेत उच्छ्वास बांधले. जागेची पारख ही त्यांची पहिली विद्या होती.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले. मी तेव्हा आठ वर्षांची होते. नळ कोरडे पडले आणि आमच्या वाड्यातील आडावर सगळ्या आळीची रांग लागली. आजी कोणालाही रिकाम्या हाती परत पाठवीत नसे.

पुढे वाडा पाडून तेथे इमारत उभी राहिली. मोटारी ठेवायला जागा हवी म्हणून तो आड बुजविला. त्या कागदावर माझीही सही आहे, हे आज लिहिताना संकोच वाटतो. आता उन्हाळ्यात टँकरची वाट पाहताना आजीची आठवण येते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पाऊस मुरविण्यासाठी खड्डा खणला. जागा मोकळी होती, एवढेच पाहिले. खाली निघाला अखंड काळा पाषाण! पाणी मुरले नाही. डास मात्र झाले.

तेव्हा मला कळले, की खड्ड्याआधी नकाशा हवा. पुण्याखाली काळ्या पाषाणाचे थरावर थर आहेत. अखंड खडकात पाणी शिरत नाही. मुरूम असलेल्या वा भेगाळलेल्या खडकात ते शिरते. फार उतारावर ते थांबत नाही. जेथे पाणी मुळातच वर आहे, तेथे मुरविल्यास ते पायात शिरते. अशा ठिकाणी टाकीत साठविणेच बरे. उतार, माती, खडक, ओढे आणि वस्ती असे निरनिराळे नकाशे एकावर एक ठेवले, म्हणजे योग्य जागा दिसते. हल्ली उपग्रहाची चित्रे व संगणक यांमुळे हे काम सुकर झाले आहे. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे शहरात आली. तेथील मोकळी जमीन फरशीखाली जाण्याआधीच हे झाले पाहिजे.

लाभ थोडा नाही. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ७०,००० लिटर पाणी होते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ५६,००० लिटर उरते.

परंतु उपग्रहाला बुजविलेला आड दिसत नाही. तो आपल्या आठवणीत आहे. कोणाच्या परसात विहीर होती, चैत्रातही पाणी कोठे टिके, हे आपल्यातील वडीलधाऱ्या भगिनींनाच ठाऊक. म्हणून माझी विनंती अशी, की यंदा हळदीकुंकवाला येताना प्रत्येकीने आपल्या आळीतील जुन्या विहिरींची आठवण बरोबर आणावी. आपण त्या सर्व एका नकाशावर मांडू. पहिली खूण आमच्या आडाची मी करीन.