नियंत्रित शेळीचराई

नियंत्रित शेळीचराई ही वनक्षेत्रातील नको असलेली झुडपे, वेली व तणे कमी करण्यासाठी शेळ्यांचे कळप ठरावीक जागी आणि ठरावीक काळ चारण्याची पद्धत आहे. वणव्याचा धोका कमी करणे, जाळरेषा मोकळ्या ठेवणे व आक्रमक वनस्पतींना आवर घालणे हे तिचे मुख्य उद्देश होत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्य, स्पेन व पोर्तुगाल येथे ती वापरात आहे. दूध-मांसाचे उत्पन्न येथे दुय्यम असते; कळपाच्या मालकाला मोबदला मिळतो तो साफ केलेल्या जमिनीचा.

आहार व परिणाम

गाय आणि मेंढी प्रामुख्याने गवत चरतात. शेळीचा कल झुडपांच्या पाल्याकडे व कोवळ्या डहाळ्यांकडे असतो. लवचिक ओठांमुळे ती काट्यांमधूनही पाने खुडते, मागच्या पायांवर उभी राहून उंचावरचा पाला ओढते आणि टॅनिनयुक्त पालाही बऱ्यापैकी पचवते. गवतातील आग झुडपांवरून खालच्या फांद्यांवर आणि तेथून शेंड्यापर्यंत चढते. ही शिडी शेळ्या खालून तोडतात. जाड खोडे व वाळलेले लाकूड मात्र माणसालाच काढावे लागते.

एका चराईने झुडूप मरत नाही. नवे फुटवे येताच पुन्हा चारल्यास मुळांतील अन्नसाठा घटतो आणि वाढ खुंटते. अमेरिकेच्या आग्नेय भागात पसरलेल्या कुडझू या पूर्व आशियाई वेलीवर अशीच वारंवार चराई करतात.

कार्यपद्धती

क्षेत्राचे लहान तुकडे पाडून प्रत्येकाला हलवता येण्याजोगे जाळीचे विद्युत कुंपण घालतात. तुकडा पुरेसा खाल्ला गेला की कळप लगेच पुढे नेला जातो. कळपासोबत राखणदार कुत्रे आणि शेळ्या राखणारा माणूस असतो. कॅलिफोर्नियात या कामासाठी पेरूमधून मजूर येतात. कण्हेरीसारख्या विषारी वनस्पती आधी हेरून वगळाव्या लागतात. काही बिया शेळीच्या पोटातून शाबूत बाहेर पडतात, त्यामुळे तणग्रस्त भागातून आलेला कळप काही दिवस वेगळा ठेवणे हितावह असते.

उदाहरणे

मे २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील सिमी व्हॅली येथील रोनाल्ड रेगन अध्यक्षीय ग्रंथालयाभोवतीची सुमारे १३ एकर झाडी ५०० शेळ्यांकडून साफ करून घेण्यात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर ‘ईझी फायर’ हा वणवा या टेकडीपर्यंत पोहोचला, पण ग्रंथालय बचावले. अग्निशमन दलाचे प्रयत्न निर्णायक होतेच; शेळ्यांनी मोकळ्या केलेल्या पट्ट्यामुळे त्यांना अवसर मिळाला. स्पेनच्या आंदालुसिया प्रांतात जाळरेषा राखण्यासाठी पशुपालकांशी करार केले जातात. चराई प्रत्यक्षात किती झाली याची पाहणी करून मोबदला ठरतो.

मर्यादा

शेळी निवडक खात असली तरी रोप आणि तण यांत वनपालाला हवा तसा भेद करीत नाही. झुडपे संपली की ती रोपांचे शेंडे खुडते, कोवळ्या झाडांची साल सोलते. म्हणून नव्या लागवडीत तिचा वापर जोखमीचा ठरतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात सूचिपर्णी रोपांमधील तण काढण्यासाठी मेंढ्या वापरल्या गेल्या आहेत. कळप एका जागी जास्त काळ राहिल्यास माती उघडी पडते आणि उतारावर धूप होते. बिगहॉर्न या रानमेंढ्यांच्या प्रदेशात पाळीव शेळ्या-मेंढ्यांपासून श्वसनरोगाचा संसर्ग होण्याचा धोका असतो.

भारतातील स्थिती

भारतीय वनव्यवस्थापनात शेळी दीर्घकाळ जंगलाची शत्रू मानली गेली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील ‘गुरे’ या संज्ञेत हत्ती-उंटांबरोबर शेळ्या व करडेही येतात, आणि राखीव वनात परवानगीवाचून गुरे चारणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात हिवरे बाजारसारख्या गावांनी चराईबंदी स्वतःहून स्वीकारली. उघड्या पडलेल्या डोंगरांवर गवत व रोपे परतण्यात तिचा वाटा मोठा होता. येथील जंगलांत माजलेल्या घाणेरीवर शेळीचा उपाय सहज लागू पडत नाही, कारण तिचा पाला जनावरांना विषारी असतो.