पायथन २ ची निवृत्ती : डहाणू-तलासरीच्या नामनोंदींच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मोडी लिपी शासकीय व्यवहारातून मागे पडली, तरी दप्तरे राहिली. ती वाचणारे मात्र विरळ होत गेले. संगणकीय भाषेची जुनी आवृत्ती वगळली जाते तेव्हा असाच प्रश्न उभा राहतो. डेबियन या मुक्त कार्यप्रणालीतून ‘पायथन २’ कशी वगळली गेली आणि मराठी नोंदींच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

बदलाची कारणे :
पायथन २ ही आवृत्ती २००० मध्ये आली. ३ डिसेंबर २००८ रोजी आलेली तिसरी आवृत्ती जुन्या आज्ञावलींशी हेतुपुरस्सर सुसंगत ठेवलेली नव्हती. त्यामागील प्रमुख कारण लिपीविषयक होते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. त्यामुळे ‘डहाणू’ची लांबी पायथन २ सामान्यतः १५ सांगे, तर ‘तलासरी’ची १८. पायथन ३ हीच संख्या अनुक्रमे ५ व ६ सांगते. ठराविक बाइटांवर नाव तोडल्यास अक्षरच भंगते. नोंदवहीतील माणसाचे वा गावाचे नाव विद्रूप होते. इंग्रजीत हा दोष सहसा दिसत नाही. मात्र वाचकास ‘डहाणू’त ३ अक्षरे दिसतात, हे पायथन ३ लाही आपोआप कळत नाही.

दुसरा बदल भागाकाराचा. ३ हेक्टर जमीन २ वारसांत विभागताना पूर्णांकांचा भागाकार पायथन २ मध्ये १ येई. पायथन ३ मध्ये तो १.५ येतो. असा बदल त्रुटीचा संदेश न देता उत्तर पालटतो, म्हणून तो अधिक धोक्याचा.

वगळण्याची प्रक्रिया :
पायथन २ चा आधार २०१५ मध्ये संपणार होता. २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढविण्यात आली. एप्रिल २०२० मध्ये २.७.१८ ही अखेरची आवृत्ती निघाली. डेबियनने ज्यांच्यावर अन्य काहीही अवलंबून नाही अशी पॅकेजेस प्रथम काढली. नंतर त्यांच्या आधारभूत पॅकेजेसकडे मोर्चा वळविला. फांद्या छाटून मग खोड तोडावे, तसा हा क्रम होता. ऑगस्ट २०२१ च्या डेबियन ११ मध्ये पायथन २.७ केवळ काही पॅकेजेसच्या बांधणीपुरती, सुरक्षा-आधाराविना उरली. जून २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ती राहिली नाही.

निष्कर्ष :
असुरक्षित आवृत्ती कायम ठेवणे हितावह नव्हते. तथापि जुन्या आज्ञावलीचे रूपांतर करण्यास मनुष्यबळ लागते, आणि ते सर्वत्र सारखे नसते. डेबियनने आपल्या जुन्या आवृत्त्या अभिलेखागारात जतन केल्या आहेत, हे विशेष उल्लेखनीय होय. निवृत्ती आणि विस्मरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. मोडीच्या बाबतीत जाणकार घटल्यावर जाग आली; संगणकीय नोंदींबाबत ती आधीच येणे आवश्यक आहे.