जुन्या गिरणीचं फाटक बंद होतं तेव्हा

२७ ऑगस्ट १९४९, शनिवार. तुम्ही सोलापुरात जुन्या गिरणीच्या फाटकापाशी उभे आहात. २७ जुलैला लागलेल्या नोटिशीची मुदत भरली आणि फाटक बंद झालं. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात शेठ मोरारजी गोकुळदासांनी उभारलेली ही गिरणी; शहराची घड्याळं तिच्या भोंग्यावर लागत. मराठी, तेलुगू, कन्नड, कानावर पडेल त्या भाषेत प्रश्न एकच : पगाराचं काय?

पेठेत शिरा. पगार थांबला की वाण्याची उधारी तुंबते, खानावळ ओस पडते, शाळेची फी राहते. गिरणी भागधारकांच्या मालकीची खरी. पण तिच्यावर संसार मांडलेत ते या गल्ल्यांनी.

आता ९ जानेवारी १९५०. सरकारचा वटहुकूम तुमच्या हातात आहे. गैरकारभार आणि हेळसांड यांमुळे गरजेच्या मालाचं उत्पादन घटलं, बेकारी ओढवली, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. गिरणी चालवणाऱ्या मॅनेजिंग एजंटांचा करार संपला. कारभार सरकारनं नेमलेल्या संचालकांकडे गेला. एका कंपनीसाठी अख्खा कायदा!

४ डिसेंबर १९५०. दिल्लीत, संसद भवनातल्या सर्वोच्च न्यायालयात तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात. ‘आमच्याच कंपनीला वेगळा न्याय का?’ हा चिरंजितलाल चौधरी या भागधारकाचा सवाल तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळला जातो. पण १८ डिसेंबर १९५३ ला द्वारकादास श्रीनिवास हे दुसरे भागधारक जिंकतात : भरपाई न देता कंपनीची मालमत्ता अशी ताब्यात घेता येणार नाही. अशाच निकालांमुळे १९५५ मध्ये घटनेत चौथी दुरुस्ती झाली. कामगाराची भाकरी महत्त्वाची, भागधारकाचा हक्कही खरा. संचालक मंडळानं कारभार नीट ठेवला असता, तर ही दोन माणसं एकमेकांसमोर उभी राहिलीच नसती.

आजच्या काळात या. समजा, एखाद्या कंपनीच्या संचालकाची खुर्ची तुमची आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं : ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत. त्या पैशातून शाळा, दवाखाने, तलाव उभे राहतात, ते हवेतच. मात्र फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च त्यात धरत नाहीत. त्यांच्यासाठी कलम १६६ आहे : संचालकानं भागधारकांसोबत कामगार, समाज आणि पर्यावरण यांचंही हित पाहायचं.

दोन्ही कलमं एकत्र वाचा. दोन टक्क्यांचा हिशेब वर्षाअखेरी होतो. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे कमावले, कर्ज कुणाच्या भरवशावर काढलं, यंत्रं वेळेवर बदलली का, हे प्रत्येक बैठकीत विचारावं लागतं. सोलापूरला देणगी कमी पडली नव्हती, कारभार कमी पडला होता. म्हणून अहवालावर सही करण्याआधी विचारा : आपली कंपनी उद्या बंद पडली, तर कुणाकुणाच्या घरची चूल विझेल? त्या घरांचा विचार करून आखलेलं धोरण हीच कंपनीची पहिली सामाजिक जबाबदारी.