एकदिवसीय सीमापार खरेदी : सीमाशुल्काचे नियम (कॅनडा–अमेरिका)

सकाळी घरून निघून शेजारच्या देशात खरेदी करायची आणि रात्री झोपायला घरी यायचे, अशा फेरीत आणलेल्या मालावर परतीच्या नाक्यावर लागणारे सीमाशुल्क व विक्रीकर, आणि त्यांतून मिळणाऱ्या किंवा न मिळणाऱ्या सवलती यांचे नियम. भू-सीमा असलेल्या बहुतेक देशांत असे नियम आहेत. कॅनडा आणि अमेरिका यांच्यातील ८,८९१ किलोमीटरच्या सीमेवर मात्र ते लाखो कुटुंबांच्या घरखर्चाशी जोडलेले आहेत, कारण कॅनडाची बहुतांश वस्ती या सीमेला लागूनच आहे. विंडसरचा माणूस नदीखालच्या बोगद्यातून डेट्रॉइटला जातो, फोर्ट एरीचा पीस ब्रिजवरून बफेलोला, व्हँकुव्हरचा पीस आर्चच्या नाक्यावरून बेलिंगहॅमला. बाजार इतका जवळ असल्यामुळे आपण कायद्याच्या भाषेत ‘आयात’ करत आहोत, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

कॅनडाच्या नियमात आधी वेळ मोजतात, मग माल. देशाबाहेर २४ तासांपेक्षा कमी राहिलेल्या रहिवाशाला कोणतीही वैयक्तिक सवलत नाही. मर्यादा शून्य आहे, म्हणजे पहिल्या डॉलरपासून हिशेब सुरू होतो. २४ तास पूर्ण झाले की २०० कॅनेडियन डॉलरपर्यंतचा माल करमुक्त आणता येतो, पण त्यात मद्य आणि तंबाखू धरत नाहीत. ४८ तासांनंतर ही मर्यादा ८०० डॉलर होते आणि ठरावीक प्रमाणात मद्य व सिगारेटही चालतात. या दोन पायऱ्यांतला एक फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे. ४८ तासांच्या सवलतीत ८५० डॉलरचा माल आणला, तर आकारणी फक्त वरच्या ५० डॉलरवर होते. २४ तासांच्या सवलतीत २१० डॉलरचा माल आणला, तर २०० ची सवलतच जाते आणि पूर्ण २१० वर आकारणी होते. एका रात्रीचा मुक्काम करून येणारी कुटुंबे नेमकी इथे फसतात. सवलत माणशी असते आणि ती एकमेकांत वळती करता येत नाही. नवऱ्याने ३०० चा माल घेतला आणि बायकोने १०० चा, म्हणून दोघांचे मिळून ४०० धरा, असे सांगता येत नाही.

२४ तास म्हणजे घड्याळाचे २४ तास. शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजता सीमा ओलांडली असेल, तर शनिवारी संध्याकाळी ७ च्या आधी परतणारा एकदिवसीयच ठरतो.

मुक्काम केला तर सवलत आणि न केला तर काही नाही, असे का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. सवलतीमागची कल्पना प्रवाशाची आहे. परगावी चार दिवस राहणारा माणूस कपडे, भेटवस्तू, काहीबाही घेणारच, त्याच्यामागे कारकुनी लावू नये, हा तिचा हेतू. फक्त खरेदीसाठी पूल ओलांडणारा माणूस या कल्पनेत बसत नाही. त्याला सूट दिली, तर पुलाच्या अलीकडच्या दुकानदाराने भाडे, पगार आणि कर भरून धंदा करायचा तरी कसा? हा युक्तिवाद खोटा नाही. सीमेलगतच्या छोट्या गावांत एक किराणा दुकान बंद पडले, की म्हाताऱ्याकोताऱ्यांची खरोखर आबाळ होते.

सवलत शून्य म्हणजे कर जबर, असा समज होतो, तो बरोबर नाही. भरावी लागणारी रक्कम माल कुठे घेतला यापेक्षा कुठे बनला यावर ठरते. अमेरिका, मेक्सिको किंवा कॅनडात बनलेल्या बहुतेक वस्तूंवर त्रिपक्षीय व्यापार करारामुळे (हा करार १ जुलै २०२० पासून लागू आहे) सीमाशुल्क शून्य असते. त्यावर फक्त कॅनडातला विक्रीकर लागतो, म्हणजे घरच्या दुकानात घेतली असती तरी जो भरावा लागला असता तोच. एक हिशेब करून पाहू. ऑन्टॅरिओतल्या बाईने बफेलोत १०० अमेरिकन डॉलरचे जाकीट घेतले. सोयीसाठी विनिमयदर १.४० धरला, तर किंमत १४० कॅनेडियन डॉलर. जाकिटाच्या आतल्या शिवणीवरची चिठ्ठी अमेरिकन बनावट सांगत असेल, तर सीमाशुल्क नाही. १३ टक्के विक्रीकराचे १८.२० डॉलर भरले की काम झाले. चिठ्ठीवर चीन असेल, तर कपड्यांवरचे १८ टक्के सीमाशुल्क धरून २५.२० डॉलर आधी वाढतात. मग १६५.२० वर १३ टक्के विक्रीकर, म्हणजे २१.४८. दोन्ही मिळून ४६.६८ डॉलर. दुकान तेच, किंमत तीच, आणि सगळा फरक काखेतल्या शिवणीवरच्या त्या बोटभर चिठ्ठीचा. विकत घेण्याआधी ती वाचणे हा या विषयातला सर्वांत उपयोगी सल्ला आहे.

नाक्यावरची विचारपूस थोडक्यात आटोपते. गाडी खिडकीशी येते, पासपोर्ट पुढे होतात. राहता कुठे, किती वेळ बाहेर होतात, काय आणलेत, एकूण कितीचे, दारू, तंबाखू, हत्यार काही आहे का, असे प्रश्न येतात. पावत्या हाताशी असल्या आणि आकडा नेमका सांगितला, तर बोलणे अर्ध्या मिनिटात संपते. रक्कम लहान असेल आणि मागे गाड्यांची रांग असेल, तर अधिकारी पुष्कळदा तसेच जाऊ देतात. हा त्यांचा विवेक झाला, प्रवाशाचा हक्क नव्हे. आकारणी करायची ठरली, तर गाडी बाजूला घ्यायला सांगून आत काउंटरवर पाठवतात. तिथे वस्तूंची नोंद होते, कर भरून पावती मिळते आणि माणूस घरी जातो. यात गुन्हा नाही आणि कमीपणाही नाही. खोटे सांगणे मात्र महागात पडते. न सांगितलेला माल जप्त होऊ शकतो आणि तो सोडवायला त्याच्या किमतीच्या २५ ते ७० टक्के दंड पडतो. नेक्सस हे झटपट ये-जा करण्याचे कार्ड असेल, तर तेही जाऊ शकते. शिवाय नोंद राहते, आणि पुढच्या फेऱ्यांत गाडी वारंवार तपासली जाते. वीस डॉलर वाचवण्यासाठी हे सोसावे, असे त्यात काही नाही.

खाण्याच्या वस्तूंचा हिशेब वेगळा आहे. दूध, पाव, भाजी अशा रोजच्या किराण्यावर कॅनडात विक्रीकरच नसल्याने अमेरिकेतून आणलेल्या साध्या किराण्यावर बहुधा काही भरावे लागत नाही. पण दूध, चीज, अंडी, कोंबडी आणि टर्की यांचे उत्पादन कॅनडाने कोट्यात बांधले आहे. शेतकऱ्याला ठरलेला भाव मिळावा, म्हणून बाहेरच्या मालाला कुंपण घातलेले आहे. त्यामुळे माणशी २० डॉलरचे दुग्धपदार्थ, दोन डझन अंडी, एक टर्की अशा मर्यादा आहेत. त्या ओलांडल्या, तर चीजवरचा दर २४५.५ टक्क्यांपर्यंत जातो. स्वस्त चीजची मोठी चकती घेऊन आलेल्याला तो आकडा ऐकून धक्का बसतो. ती नाक्यावर सोडून देणे हाच मग शहाणपणाचा मार्ग उरतो.

मद्याबाबत एकदिवसीय प्रवाशाला कसलीच मुभा नाही. सीमाशुल्क, उत्पादनशुल्क, विक्रीकर आणि प्रांताचा अधिभार मिळून बाटली अनेकदा मूळ किमतीच्या दुपटीच्या घरात जाते. पुलाजवळच्या ‘ड्यूटी फ्री’ दुकानाच्या पाटीनेही गैरसमज होतो. ते दुकान ज्या देशात आहे, त्या देशाचा कर तिथे माफ असतो. परतल्यावर आपल्या देशाचा कर माफ होतो, असा त्याचा अर्थ नाही. गाडीच्या दुरुस्तीचेही तसेच. बफेलोत नवे टायर बसवून घेतले, तर तीही आयातच, जरी ते टायर चाकांवर फिरत आले असले तरी. वाटेत अचानक बिघाड होऊन करावी लागलेली दुरुस्ती यातून वगळली आहे. उलट बाजूने, घरचा महागडा कॅमेरा बरोबर नेत असाल, तर निघतानाच कॅनडाच्या नाक्यावर त्याची फुकट नोंद करून घेता येते. परतताना तो नवा घेतला का, हा प्रश्न मग येत नाही.

या नियमांना आजचे रूप १९९० च्या आसपासच्या खरेदीच्या लाटेनंतर आले. १९८९ मध्ये दोन देशांचा मुक्त व्यापार करार लागू झाला. १ जानेवारी १९९१ पासून कॅनडाने ७ टक्क्यांचा नवा वस्तू व सेवा कर बसवला (आज तो ५ टक्के आहे). कॅनेडियन डॉलर तेव्हा तेजीत होता. ऑन्टॅरिओत रविवारी दुकाने बंद ठेवण्याचा कायदा होता आणि पुलापलीकडे ती उघडी असत. १९९१ मध्ये कॅनेडियन लोकांच्या मोटारीने केलेल्या एकदिवसीय फेऱ्या सहा कोटींच्या जवळ पोहोचल्या. त्या वेळच्या देशाच्या लोकसंख्येच्या दुपटीहून हा आकडा मोठा होता. सरकारने काय केले यापेक्षा पुढे बाजारात काय झाले, त्याने ही लाट ओसरली. १९९२ मध्ये ऑन्टॅरिओत रविवारची दुकाने उघडली आणि डॉलर उतरत जाऊन २००२ मध्ये ६२ अमेरिकन सेंटच्या आसपास आला.

सप्टेंबर २००७ मध्ये दोन्ही डॉलर पुन्हा बरोबरीत आले आणि दुकानांतल्या किमतींची तुलना सुरू झाली. तेच पुस्तक, त्याच मुखपृष्ठावर दोन देशांच्या दोन किमती छापलेल्या, आणि कॅनडाची किंमत बरीच वर, हे लोकांना सलत होते. १ जून २०१२ पासून २४ तासांची मर्यादा ५० वरून २०० आणि ४८ तासांची ४०० वरून ८०० डॉलर झाली. एकदिवसीय प्रवाशाचे शून्य मात्र तसेच राहिले. फेब्रुवारी २०१३ मध्ये कॅनडाच्या सेनेटच्या वित्त समितीने दोन देशांतील किमतींच्या तफावतीवर अहवाल दिला. त्याच वर्षी १ एप्रिलपासून बाळांचे कपडे आणि हॉकीसह खेळाच्या काही साहित्यावरचे सीमाशुल्क काढले गेले. नाक्यावर माणसे अडवण्यापेक्षा घरच्या दुकानातली वस्तू स्वस्त करणे, हा उपाय प्रस्तुत लेखकाला अधिक योग्य वाटतो.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे अनावश्यक प्रवासाला सीमा बंद झाली, ती अमेरिकेच्या बाजूने नोव्हेंबर २०२१ मध्ये उघडली. त्या काळात पॉइंट रॉबर्ट्ससारख्या, कॅनेडियन गिऱ्हाइकावरच जगणाऱ्या अमेरिकन गावाचे फार हाल झाले. ४ मार्च २०२५ पासून अमेरिकी आयातकराला उत्तर म्हणून कॅनडाने संत्र्याचा रस, पीनट बटर, कपडे, जोडे, सौंदर्यप्रसाधने अशा अमेरिकन बनावटीच्या अनेक वस्तूंवर २५ टक्के अधिभार लावला. सवलतीबाहेरच्या मालाला तो लागत असल्याने एकदिवसीय खरेदीदाराला त्यातून सुटका नव्हती, आणि वर सांगितलेला शिवणीवरच्या चिठ्ठीचा हिशेब काही महिने उलटा झाला. करारात बसणाऱ्या बहुतेक वस्तूंवरचा अधिभार १ सप्टेंबर २०२५ पासून उठला. त्या वर्षी कॅनेडियन लोकांच्या फेऱ्या मात्र लक्षणीय घटल्या. त्यात पैशापेक्षा दुखावलेल्या मनाचा भाग मोठा होता.

सीमेने ज्यांची जुनी वस्ती दुभागली, त्यांचा प्रश्न निराळा आहे. अक्वेसास्ने येथील मोहॉक समाजाचे प्रमुख माइक मिचेल यांनी १९८८ मध्ये धुलाई यंत्र, ब्लँकेटे, बायबलच्या प्रती, पाव, दूध असा माल उघडपणे जाहीर करून कॉर्नवॉलच्या नाक्यावरून आणला आणि शुल्क देण्यास नकार दिला. आपल्या पूर्वजांच्या वाटेवर परकी सीमा नंतर आली, हा त्यांचा मुद्दा होता. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये त्यांच्या विरोधात निकाल दिला.

अमेरिकेचा नियम आपल्या माणसाशी जास्त उदार आहे. ४८ तासांच्या आत परतणाऱ्या अमेरिकन रहिवाशालाही २०० डॉलरची सवलत मिळते.

टोरांटो–मिसिसागा भागातल्या मराठी कुटुंबांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कॅनडाचे नागरिकत्व घेतलेल्याला अशा फेरीसाठी अमेरिकेचा व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्टवर कायम वास्तव्य करणाऱ्याला लागतो. घरात एक पासपोर्ट असा आणि दुसरा तसा असेल, तर बेत आखण्याआधी हे पाहावे. दुसरे म्हणजे भारतातून भेटीला आलेले आईवडील कॅनडाचे रहिवासी नसतात. त्यांना वरच्या तासांच्या सवलती लागू नाहीत. पाहुण्यांसाठीचे नियम लागू होतात, ज्यांत कॅनडातल्या कोणासाठी आणलेली ६० डॉलरपर्यंतची प्रत्येक भेटवस्तू करमुक्त असते. सुनेचा माल सासूबाईंच्या नावावर दाखवणे हे मात्र खोटे निवेदनच ठरते.

इतरत्र हाच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवलेला दिसतो. युरोपीय संघात १९९३ पासून सदस्य देशांच्या सीमांवर खाजगी खरेदीला सीमाशुल्कच नाही. स्वित्झर्लंडने जर्मनीत बाजार करून येणाऱ्या आपल्या नागरिकांसाठी माणशी दिवसाची करमुक्त मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून ३०० वरून १५० फ्रँकवर आणली. नेपाळने भारतातून आणलेल्या १०० नेपाळी रुपयांवरच्या मालाला शुल्क लावण्याची तरतूद २०२३ मध्ये कडक अमलात आणली, तेव्हा तराईतल्या गावांत मोठी नाराजी पसरली, कारण तिथे मीठ-मसाल्याचा बाजारच रस्त्यापलीकडे आहे. भारताच्या २०१६ च्या बॅगेज नियमांनी नेपाळ, भूतान व म्यानमारमधून भू-मार्गाने येणाऱ्याला फक्त वापरलेले वैयक्तिक सामान करमुक्त आणू दिले. गोव्याहून सावंतवाडीकडे येताना बांद्याजवळ होणारी बाटल्यांची तपासणी मात्र या नोंदीच्या कक्षेत येत नाही. १९६१ पर्यंत तिथे दोन सत्तांची सीमा होती. आज तिथला प्रश्न राज्य उत्पादन शुल्काचा आहे.