पागोट्यांची शिडे

मार्च १७५५ च्या अखेरीस सुवर्णदुर्गाजवळून तुळाजी आंग्र्यांचे आरमार दक्षिणेकडे निघाले, आणि कमोडोर जेम्सचे चव्वेचाळीस तोफांचे ‘प्रोटेक्टर’ जहाज त्याच्या पाठीस लागले. वारा अगदी मंद होता. या पाठलागाची हकीकत रॉबर्ट ऑर्म याने १७६३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात दिली आहे. आंग्र्यांच्या खलाशांनी अडगळ समुद्रात फेकून गलबते हलकी केली, होती नव्हती ती शिडे उभारली, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा अंगावरचे कपडे, रजया, फार काय डोकीची पागोटीदेखील वाऱ्यावर ताणून धरली, असे तो सांगतो.

हा मजकूर वाचून वाचकास हसू येते. घाबरलेल्या माणसांची ती तारांबळ, असाच त्याचा समज होतो. मला तो समज मान्य नाही.

चौकोनी शिडांच्या युरोपीय जहाजांवर याच कामासाठी वेगळी शिडे बाळगीत. परबाणाच्या, म्हणजे शीड धरणाऱ्या आडव्या काठीच्या, दोन्ही टोकांतून लांब वासे बाहेर सरकवावयाचे, आणि मुख्य शिडाच्या दोहों अंगांस ही जादा शिडे त्यांवर ताणावयाची. वारा मागून किंवा मागल्या बाजूने येणारा, आणि तोही सौम्य असेल तरच त्यांचा उपयोग. वारा वाढला की ती आधी उतरवावी लागत, नाहीतर वासा मोडे. आपल्या खलाशांच्या हिंदुस्थानी बोलीत त्यांस ‘दस्तूर’ म्हणत. तत्त्व एवढेच की वारा थोडा असेल तर कापड जास्त हवे. खळ्यावर तिवईवर उभे राहून उफणणीसाठी वाऱ्याची वाट पाहणाऱ्या आमच्या पांढुर्ण्याकडील शेतकऱ्यास त्या मंद झुळकेचे मोल निराळे सांगावयास नको.

गलबतांची मोठी शिडे तिकोनी असत. वारा पडला म्हणजे चाळीस-पन्नास वल्ह्यांनी ती चालत, प्रसंगी जड गुराबांसही ओढून नेत. जादा शिडांची नियमित सोय त्यांवर नसताना हाताशी असलेल्या कापडाने ती भरून काढणे, हे जाणत्या दर्यावर्द्यांचे काम होय. इंग्रजांच्या शिडांस कौशल्य म्हणावयाचे आणि आंग्र्यांच्या पागोट्यांस भीती, हा न्याय इतिहासकाराला शोभत नाही. शिवाय परिणामही पाहावा. ‘प्रोटेक्टर’ मागल्या काही जहाजांच्या तोफेच्या टप्प्यात पोहोचले खरे. पण सायंकाळ होऊ लागताच जेम्सने पाठलाग सोडला. इंग्रजांच्या मदतीस आलेले पेशव्यांचे आरमार एरवी वेगाने चालणारे; ते या वेळी मागेच रेंगाळले. आंग्र्यांच्या दहशतीमुळे, असे ऑर्म म्हणतो. आपल्याच माणसांवर तोफ डागण्याचा संकोचही त्यात असेल.

सुवर्णदुर्ग एप्रिलमध्ये पडला. पुढे फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले, तेव्हा तुळाजीचे आरमार खाडीत एकमेकांस बांधून उभे होते. एका गोळ्याने एक जहाज पेटले आणि आग सर्वत्र पसरली. शिडे उभारण्याचा प्रसंगच आला नाही.