परिचारिकेची पाठ

श्रमाचा इतिहास म्हटला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गिरणी येते, गोदी येते. रुग्णालय सहसा येत नाही. वास्तविक गोदीतला हमाल पोते उचलतो, तर परिचारिका माणूस उचलते. पोते वेदनेने आक्रसत नाही की मध्येच गळ्याला मिठी मारत नाही.

1853 साली लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील एका लहान रुग्णालयाचा कारभार फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याकडे आला. त्यांनी आरंभीच मागणी केली की, गरम पाणी प्रत्येक मजल्यावर नळाने यावे आणि रुग्णांचे जेवण वर ओढून घेणारा रहाट बसवावा. एरवी परिचारिका म्हणजे केवळ जिना चढणारे दोन पाय उरतील, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे 1857 साली यास्त्शेंबोव्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने ‘एर्गोनॉमिक्स’ हा शब्द घडविला. ग्रीक भाषेत ‘एर्गॉन’ म्हणजे काम व ‘नोमॉस’ म्हणजे नियम. विस्मृतीत गेलेला हा शब्द इंग्लंडात 1949 साली मरेल यांनी नव्याने रूढ केला. कामाला माणूस जुंपण्याऐवजी माणसाच्या मापाने काम बेतावे, हा त्याचा गाभा.

रुग्णालयात मात्र हे शास्त्र उलट्या पावलांनी शिरले. वर्षानुवर्षे परिचारिकांना एकच धडा मिळाला: गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, ओझे अंगाशी धरा. पेटी उचलायची असेल तर हे ठीक. पण खाटेवरच्या रुग्णाला अंगाशी धरणार कसे? मध्ये खाट आहे. वाकणे भागच आहे. 1965 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने परिचारिकेच्या या ओझ्याकडे लक्ष वेधले. तरीही कंबर धरली की दोष तिच्याच माथी येई: शिकविले होते, तसे उचलले नाही!

हा न्याय बदलला तो कायद्याने आणि संघटनेने. 1992 च्या ब्रिटिश नियमांनी धोक्याची उचल शक्य तेथवर टाळण्याची जबाबदारी मालकावर टाकली. 1998 साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात परिचारिकांच्या संघटनेनेच ‘उचलणे नको’ हे धोरण पुढे आणले. 2007 साली अमेरिकेत वॉटर्स यांनी हिशेब मांडला की, परिस्थिती अनुकूल असली तरी रुग्णाला हलविताना हातांवर सुमारे 16 किलोंहून अधिक भार नसावा. मोठ्या माणसाचा एक पायही त्याच्या आसपास भरतो! केवळ उचलण्याची रीत शिकवून पाठदुखी टळते, याला संशोधनात आधार सापडला नाही.

मग शिक्षण व्यर्थ काय? आम्ही तसे म्हणत नाही. खाट कमरेइतकी उंच घ्यावी, रुग्णाला त्याच्या शक्तीप्रमाणे हालचाल करू द्यावी, खाली घसरती चादर घालून सरकवावे, जड रुग्णासाठी झोळीचे यंत्र आणावे, हे शिकविलेच पाहिजे. पण खाट वर होत नसेल, यंत्र कुलुपात असेल आणि रात्रपाळीला एकटीच परिचारिका असेल, तर शिकलेले ती वापरणार कोठे? म्हणून आमच्या मागणीपत्रात शिक्षणाच्या कलमाशेजारी खाट, साधन व पुरेशी माणसे ही कलमे असलीच पाहिजेत. तिच्या पाठीवर उद्या आपलाच भार पडणार आहे. नागरिकांनी या मागणीमागे उभे राहावे.