हातचा आणि ताळा



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने अंकगणिताच्या इतिहासावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण सामरवरणीच्या या शाळेत जमलो आहोत, ते गणिताचे शिक्षक होते. शिवाय 'हातचा' आणि 'ताळा' या ज्या दोन शब्दांचा मागोवा मला आज घ्यावयाचा आहे, ते अस्सल मराठी आहेत. हातचे राखून बोलणाऱ्याच्या आणि ताळेबंद मांडणाऱ्याच्या तोंडी ते आजही असतात.

प्रथम एक कबुली. १९७८ साली मी परीक्षक असताना उत्तरपत्रिकांवरील गुण तक्त्यात उतरवून घेत होतो. एका विद्यार्थ्याचे ६३ गुण माझ्या हातून ३६ असे लिहिले गेले. लहानपणी शिकलेल्या नवाच्या ताळ्याचा मला मोठा अभिमान. दोन्हीकडच्या अंकांच्या बेरजा करून नऊ टाकीत गेलो, ताळा जुळला आणि मी निश्चिंतपणे सही केली. अंकांची अदलाबदल झाली तर पडणारा फरक नऊने नेहमीच भागला जातो, हे त्या वेळी माझ्या ध्यानी आले नाही. फेरतपासणीत चूक सुधारली, पण तोवर त्या मुलाची पुढच्या वर्गाची प्रवेशाची मुदत टळून गेली होती. तेव्हापासून 'ताळा जुळला' हे वाक्य मी जपून वापरतो.

ताळ्याची ही परंपरा जुनी आहे. नऊ टाकून उत्तर पडताळण्याची रीत दुसऱ्या आर्यभटाच्या महासिद्धांतात आढळते, आणि १३५६ च्या गणितकौमुदीत नारायण पंडिताने ती नवापुरती न ठेवता कोणत्याही संख्येने ताळा पाहण्याची मुभा दिली. मोठा गुणाकार लहान गुणाकारांत कसा मोडावा, हे त्याआधी दोन शतके भास्कराचार्यांनी लीलावतीत दाखविले होते. १३५ ला १२ ने गुणायचे आहे. बाराचे आठ आणि चार असे खंड करा. १०८० आणि ५४० मिळून १६२०. नाही तर एकक आणि दशक यांनी स्थानवार निराळे गुणा आणि घरे सरकवून मिळवा. उत्तर तेच. पाटीवरच्या प्रत्येक घरात एकच अंक मावतो, जास्तीचे डावीकडच्या घरी जाते. हा झाला हातचा. ही युक्ती वाटते तेवढी साधी नव्हे. तिच्यामुळे केवळ नवापर्यंतचे पाढे येणारा मनुष्य वाटेल तेवढ्या मोठ्या संख्येशी झुंजू शकतो.

भास्कराचार्य स्वतः झुंजलेही. एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून एक मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्गच यावा, अशी संख्या त्यांनी ११५० च्या सुमारास बीजगणितात चक्रवाल पद्धतीने काढून दाखविली. ती २२,६१,५३,९८०, आणि येणाऱ्या वर्गाचे मूळ १,७६,६३,१९,०४९. हेच कोडे फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६५७ साली युरोपातील गणितज्ञांना घातले. या दोन संख्या लक्षात ठेवाव्यात, पुढे लागतील.

आता आपल्या शेजारच्या गावी येतो. येथून नैर्ऋत्येस, समुद्रकाठच्या डहाणूत १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर जन्मले. १९३० ते १९६२ त्यांनी देवळालीच्या शाळेत अध्यापन केले. त्यांच्या हाताशी यंत्र नव्हते आणि पदव्युत्तर गणिताचे शिक्षणही नव्हते. कागद, पेन्सिल आणि अंकांचे वेड एवढीच सामग्री. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर त्यांचा ६१७४ हा स्थिरांक जगभर पोहोचला, आणि आपल्याकडील विद्वानांनाही त्यानंतरच त्यांची नीट ओळख पटली, हे लपविण्यात अर्थ नाही. आज मला त्यांच्या डेम्लो संख्यांविषयी सांगायचे आहे. डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून त्यांनी हे नाव ठेवले. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, असे करीत नऊ एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. चढण आणि उतरण डोळ्यांना सुखविते. पण दहावा एक जोडताच मधल्या घरात दहा होतात, हातचा निघतो आणि ती घडी विसकटते. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ नाहीसा झाला, मध्ये दोन शून्ये आली. एकांची रांग मोठी निष्पाप दिसते, परंतु हातच्याची परीक्षा तीच घेते.

हे सारे मला गेल्या दिवाळीत पुन्हा आठवले. माझा नातू संगणकाच्या व्यवसायात आहे. त्याने माझ्यासमोर जीएमपी नावाची एक लायब्ररी आपल्या यंत्रावर उभी केली. येथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे कपाट नव्हे, तर इतर आज्ञावल्यांनी उसन्या घ्याव्यात अशा तयार गणितकृतींचा संच. स्वीडनचे टॉर्ब्यर्न ग्रानलुंड यांनी तो प्रथम १९९१ साली प्रसिद्ध केला. त्याची गरज अशी की, संगणकाच्या घरात मावणारी संख्याही ठरावीक असते. बत्तीस द्विमान स्थानांच्या घरात ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच संख्या राहते. भास्कराचार्यांच्या त्या दोन्ही संख्या तेथे सुखाने मावतात, पण त्यांचे वर्ग मावत नाहीत. वरचे अंक अनेकदा निमूटपणे गळून पडतात आणि यंत्र चुकीचे उत्तर खुशाल पुढे करते. आपले बँकेचे व्यवहार ज्या गुप्तलेखनावर चालतात, त्यात तर ६१७ अंकी संख्या लागतात. मग लीलावतीचाच मार्ग उरतो. संख्येचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला एक घर द्यायचे, आणि हातचा एका घरातून दुसऱ्यात न्यायचा. फरक इतकाच की, आपल्या घरात दहा चिन्हे, तर यंत्राच्या घरात दोनाच्या चौसष्टाव्या घाताइतकी. खंडांची युक्तीही पुढे गेली आहे. १९६० साली मॉस्कोत अनातोली कारात्सुबा या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, दोन-दोन खंडांच्या गुणाकारात चार लहान गुणाकारांऐवजी तीनांतच भागते, हे दाखवून दिले. मोठ्या संख्यांसाठी ही लायब्ररी ते वापरते.

नातवाने काम आरंभले तेव्हा प्रथम आज्ञावलीने यंत्राचीच उलटतपासणी घेतली: प्रक्रियक कोणता, घर किती स्थानांचे, आज्ञांचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर कोणता, तो धड चालतो काय. उत्तरे पाहून तिने त्या प्रक्रियकाला साजेशा कृती निवडल्या. मग संच घडला. मला वाटले, संपले. नातू म्हणाला, "आजोबा, खरे काम आता." कंपायलर कधी कधी रूपांतरातच चूक करतो, म्हणून चाचण्या चालविल्याशिवाय संच वापरू नये, असे कर्त्यांनीच बजावून ठेवले आहे. त्या चाचण्यांत कोणत्या संख्या घेतात, असे मी विचारले. यदृच्छेने घेतलेल्या संख्या पुरत नाहीत. ९९९९ मध्ये १ मिळविला की हातचा चारही घरे ओलांडतो, पण तशी संख्या आपोआप क्वचितच हाती येते. यंत्राच्या एखाद्या घरात सगळे एकच असण्याची शक्यता तर दोनाच्या चौसष्टाव्या घातात एक. चूक तेथेच दडून राहील. म्हणून चाचणीसाठी शून्यांच्या आणि एकांच्या लांबलचक रांगा असलेल्या संख्या मुद्दाम घडविल्या जातात. मला देवळालीचे मास्तर आठवले.

सर्व चाचण्या पार पडल्यावर मी त्याला दहा एकांचा वर्ग काढावयास सांगितले. क्षणात पडद्यावर एकोणीस अंक उमटले. मी कागद घेऊन प्रथम नवाचा ताळा पाहिला, जुळला. पण त्यावर थांबलो नाही. अकराचा ताळा अंकांची जागा पाहतो, ६३ आणि ३६ त्याला एकसारखे दिसत नाहीत. दहा एकांना अकराने नि:शेष भाग जातो, तेव्हा वर्गालाही जावयास हवा. उजवीकडून एक आड एक अंक घेऊन दोन बेरजा केल्या. पहिली आली ४१. दुसरी करताना हात थोडा थरथरत होता. तीही ४१.